डबा रिकामा आला पाहिजे

...नाही नाही, तुम्ही हसून घ्या, हसायला तुमचं काय जातंय, तुमची पोरं मोठी झाली, आपल्या हातानं खातात, तुम्हाला काही सकाळी डोळे उघडायच्या आत उकडलेल्या बटाट्याशी मारामारी करावी लागत नाही! तुम्हाला सांगतो, मी आपटलेल्या गाड्यांचे पोचे काढणारा माणूस. ट्रकखाली सापडलेली गाडी माझ्याकडे येते, पार चपटी होऊन, मालक शेजारी उभा राहून रडत असतो, मी म्हणतो रडू नका, हातोडा घेतो, ठोक ठोक ठोक... परत न्यायला येतो तेव्हा तो माणूस स्वतःची गाडी ओळखत नाही! लोखंड सरळ केलंय हो मी! आणि ही पोरगी, गुडघ्याएवढी, दुधाच्या दातांची, ही मला सरळ होत नाही! रोज सकाळी तोच प्रश्न. डब्यात काय द्यायचं? बोला ना, आता का गप्प? काय द्यायचं डब्यात? माझं मुंडकं?

तिचं नाव काही का असेना, घरात तिला ठिणगी म्हणतात. त्यावरून काय ते समजा. यंदा तिला नर्सरीत घातली. नर्सरी झकास आहे, माझ्या गॅरेजच्या समोरच, भिंतीवर बदकं काढलीत, आणि खुर्च्या अशा, की आपण बसलो तर गुडघे कानाला लागतात. पण तिथल्या बाई! बाईंचा आवाज एकच, समोर चार वर्षांचं पोर असो नाहीतर माझ्यासारखा चाळिशीचा घोडा. 'ठिणगीचे बाबाऽऽ, आमच्याकडे की नाही, कुण्णी कुण्णाला भरवत नाही हं. ज्याचं त्यानं खायचं. आणि डबा घरी कसा आला पाहिजे? रि-का-मा! शाब्बास! आणि सारखा सारखा भरलेला आला, तर? तर बाळ अजून नर्सरीला तयार नाही. मग बाळानं कधी यायचं? पुढच्या वर्षीऽऽ!'

पुढच्या वर्षी! अहो, आणि हे वर्ष बाळानं कुठं काढायचं, माझ्या वेल्डिंगच्या टाकीवर बसून? बायको बस चालवते माझी. किती वर्षं मागे उभी राहून तिकिटं फाडत होती, लोकांचे कोपर खात होती, आणि नजर सगळी पुढच्या सीटवर. आता कुठे स्टेअरिंग हातात आलंय, तेही पहाटेची पाळी, तेही अजून कायम नाही, आणि कायम होईपर्यंत एक खाडा झाला की घरी बसा. पहिल्या दिवशी ती बस घेऊन गॅरेजसमोरून गेली ना, तेव्हा तिनं असा हॉर्न दिला, असा हॉर्न दिला... मी रडलो. बॉनेटमागे तोंड लपवून, पण रडलो, खोटं कशाला बोलू. तेव्हा पोरीची नर्सरीतली जागा गेली की बायकोची बसमधली सीट गेली. म्हणून डबा रिकामा आला पाहिजे. आणि डबा भरायचं काम कुणाकडे? पहाटे ती बसमध्ये, मग मागे राहिलं कोण?

अंडं दिलं. उकडून, सोलून, मीठ लावून. संध्याकाळी डबा उघडला तर अंडं तसंच्या तसं, वर फक्त एक दात उमटवलेला, म्हणजे चाखून नापास! 'का गं, काय झालं अंड्याला?' 'ते माझ्याकडे बघत होतं.' घ्या! बटाटा दिला, 'तो ओला आहे.' बटाटा परतून दिला, 'तो टोचतो.' भात दिला, तर भात आवडतो तिला, घरी वाडगं वाडगं खाते, पण डब्यातला भात म्हणे 'थंडी वाजून मेलाय'. अहो, मेलाय काय? गाजर दिलं तर गाजरानं शेजारच्या पोराच्या नाकात भोसकलं. आता मी काय देऊ? मुंडकं देऊ का माझं, कापून, फोडी करून, मीठ लावून?

त्यात शेजारीण आली सल्ला द्यायला. सल्ला फुकट मिळतो म्हणून दाराशी उभाच असतो तो. 'अहो भाऊजी, मुलांना आकार आवडतात, ब्रेडचा ससा करून द्या की, आमच्या भाचीची मुलगी तर हत्तीसुद्धा खाते!' म्हटलं करू ससा. सुरीनं ब्रेड फाटतो, मला राग आला, मी गॅरेजमधली पत्रा कापायची कात्री काढली, धुतली हो, धुतली! खच्, एक कान झाला. खच्, दुसरा कान... आणि त्याच्याबरोबर माझ्या अंगठ्याचं टोक! रक्त असं उडालं, ओट्यावर, भिंतीवर, आणि नेमकं सशाच्या गळ्यावर. एवढ्यात ठिणगी डोळे चोळत आत आली. समोर काय? हातात कात्री घेतलेला बाप, आणि ओट्यावर मान लाल झालेला ससा. 'बाबानं सशाला मारलंऽऽ!' अहो, ती किंचाळली, तिनं पळत येऊन माझ्या मांडीला चावा घेतला, मी नाचलो, दूध उतू गेलं, ते वाकून पुसलं, उठलो तर वरचं फडताळ डोक्यात! नर्सरीत जाऊन तिनं ते सगळ्यांना सांगितलं. अख्खा वर्ग रडला म्हणे सशासाठी. माझ्या अंगठ्याला कुणी विचारलं नाही.

बायको संध्याकाळी अंगठ्याला पट्टी बांधत होती, आणि बांधता बांधता असं आवळलं तिनं की माझे डोळे बाहेर. 'अहो, आज बाईंनी फाटकाशी थांबवून सांगितलं मला. हाच आठवडा बघणार म्हणाल्या. तेवढ्यात डबा रिकामा आला नाही, तर माझं स्टेअरिंग गेलं. मी परत मागे जाऊन उभी राहायची नाही, सांगून ठेवते. आधी तुम्हाला बसखाली घेईन.' बोलताना हसत होती ती. पण डोळे भरले होते, मला दिसले. मी म्हटलं, उद्या डबा रिकामा येणार, शब्द आहे माझा.

आता इथे माझी अक्कल बघा. डब्याला पोचा आला होता. येणारच! न आवडलेलं निघालं की बया डबा भिंतीवर मारते, झाकण वाकडं झालेलं, वाटाणे रस्ताभर सांडत जायचे. म्हटलं, खाणं मला जमत नाही, पण पोचा? पोचा म्हणजे माझा प्रांत! नेला डबा गॅरेजात, कड ठोकली, झाकण ठोकलं, घासलं, बसवलं... असं बसलं, असं बसलं, की पाणी भरून उलटा धरला तर थेंब बाहेर नाही! आमचे उस्ताद कुणाचं कौतुक करत नाहीत, ते म्हणाले, 'पेट्रोलची टाकी केलीस रे.' छाती फुगली माझी. सकाळी त्यात वाटाणेभात भरला, गाजराच्या चकत्या ठेवल्या, वरून झाकण दाबलं, खट्! आणि ते झाकण चार वर्षांच्या बोटांना उघडेल का, हा विचार कुणी करायचा? उस्तादांनी?

दुपारी फोन. 'ठिणगीचे बाबाऽऽ, जरा येता काऽऽ? थोडंसं रक्त आहे. पण आपलं नाही हं!'

धावत रस्ता ओलांडला. झालं होतं काय, की डबा उघडेना. ठिणगीनं ओढलं, बाईंनी ओढलं, बाईंचं नख तुटलं. आणि ठिणगी पोरगी कुणाची? जे उघडत नाही ते ठोकायचं, हे तिनं जन्मापासून बघितलंय. तिनं आजूबाजूला सगळ्यात टणक काय ते बघितलं, तर शेजारी भोपळ्या बसलेला, म्हणजे तो गाजरवाला, त्याचं डोकं दिसलं तिला. धाड्! पहिल्या ठोक्याला झाकण उघडलं हो! तुम्हाला सांगतो, वाईट वाटलं, पण काम बघून अभिमानसुद्धा वाटला.

तो अभिमान काही टिकला नाही, कारण दारातून भोपळ्याचा बाप आत आला. आत आला म्हणजे काय, आधी छाती आली, मग थोड्या वेळानं तो आला. जिम चालवतो तो. 'कुणाची मुलगी?' मी म्हटलं, 'माझी, पण दादा, जरा...' पण दादा जरा काय, शर्टाची कॉलर धरून त्यानं मला असा उचलला, की माझी टाळू थेट बदकाच्या चोचीवर! मग मीही पेटलो. हातात हातोडा असता तर दाखवलं असतं, पण हाताला लागला खडूंचा डबा, तोच हाणला त्याच्या कानशिलात. त्यानं मला टेबलावर आपटलं. टेबल केवढं, पाटाएवढं! ते मोडलं. मी त्याच्या पोटरीला चावलो, हो चावलो, आमच्या घराण्यात आहे ते. त्यानं मला पालथा घातला, पाठीत गुद्दा, बरगडीत गुद्दा, मी ओरडतोय, 'अहो, माझा अंगठा!', तो म्हणतो, 'माझ्या पोराचं टाळकं फोडता काय!', परत गुद्दा... आणि त्या खाली पडलेल्या अवस्थेत माझ्या कानावर एक आवाज आला. कचर कचर. मचमच. कचर कचर.

मी मान वळवली. अख्खा वर्ग खात होता! सगळी पोरं छोट्या खुर्च्यांवर बसलेली, डोळे आमच्यावर, तोंड उघडं, हात डब्यात, घास आत, डोळे आमच्यावर, हात डब्यात, घास आत! भोपळ्या कपाळाला कापूस लावून खातोय. आणि माझी ठिणगी, जिला बटाटा टोचतो, जिच्याकडे अंडं बघतं, ती मेलेला भात चमच्यानं कोंबतेय हो तोंडात! बाई आम्हाला सोडवायला निघाल्या होत्या. त्या मध्येच थांबल्या. त्यांनी डब्यांकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं. आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, 'भोपळ्याचे बाबाऽऽ... जरा अजून एक द्या ना. गाजर राहिलंय.'

जिमवाला माणूस चांगला आहे, त्यानं दिला.

त्या दिवशी डबा रिकामा आला. चाटूनपुसून रिकामा! बायकोनं उघडून बघितला, वास घेतला, मला मिठी मारली, बरगडी कुर्रकन वाजली. दुसऱ्या दिवशी परत भरलेला! मग बाईंनी आम्हा दोघांना त्या छोट्या खुर्च्यांवर बसवून घेतलं, 'बाबांनो, दुपारी थोडा वेळ काढाल का? फक्त जेवणाच्या सुट्टीत?' जिमवाला म्हणाला, 'अहो, माझी दुपारी जिम रिकामीच असते.' मी त्याला बाजूला घेतलं, म्हटलं, दादा, आपण नाटक करू, तुम्ही हात फिरवा, मी पडतो. केलं नाटक. त्यानं हवेत गुद्दा मारला, मी 'आई गं' करून लोळलो. भोपळ्या म्हणाला, 'खोटं आहे.' खट्, पहिला डबा बंद झाला. खट्, खट्, खट्... सगळ्या वर्गाचे डबे बंद! ठिणगी झाकणावर हात ठेवून माझ्याकडे अशी बघतेय, की बाप असून फसवतोस? आणि माझ्या डोळ्यासमोर ती बस, तो हॉर्न, आणि बायको परत मागे उभी... मी डोळे मिटले आणि म्हटलं, 'दादा, मार.'

तो रोज आधी माफी मागतो, 'दादा, राग नका मानू हं,' आणि मग देतो. परवा संध्याकाळी ठिणगी मांडीवर येऊन बसली, माझ्या सुजलेल्या डोळ्यावरून एवढुसं बोट फिरवलं. 'बाबा, दुखतंय?' मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, हो गं राणी. म्हणाली, 'मग उद्या काकांना पोटात मारायला सांग हं.' काल बायकोला कायम केल्याचं पत्र मिळालं. येताना गॅरेजसमोर हॉर्न वाजवला तिनं, मला वळून बघता आलं नाही, मान धरली होती, पण ऐकला. आणि ते डब्याचं कोडं? सुटलं हो ते, आता सकाळी मला काही विचार करावा लागत नाही! मी आधी आपलं अंग चाचपून बघतो, आज किती सोसेल ते. केळ्याला नुसती टपली चालते, अंड्याला एक थोबाडीत पुरते. बटाट्याला पाठीत दोन गुद्दे. गाजर असेल तर उचलून आपटावं लागतं, त्याशिवाय पोरं शिवत नाहीत. काल बायको म्हणाली, 'अहो, सारखं तेच तेच काय, आता एकदा कोबी देऊन बघू या की!' मी म्हटलं, कोबीला माणूस जाईल गं.

आज सकाळपासून कंबर धरलीय, डाव्या कानात शिट्टी वाजतेय. उद्या केळं.