शोकेसच्या पट्टीमागचे सिनेमे

हसणार असाल तर हसा, पण सांगतोच. अंधेरीला आमच्या शेजारी पास्कल अंकल राहायचे. बोटीवरची नोकरी संपवून आलेले. त्यांच्याकडे देशोदेशींच्या जुन्या सिनेमांच्या कॅसेटींचं कपाट होतं. मला ते एकेक कॅसेट घरी न्यायला द्यायचे. अट एकच, परत करताना गोष्ट सांगायची. नाही सांगितली तर पुढची कॅसेट नाही.

मी आठवीत शाळा सोडलेला, चारचौघांत तोंड उघडायची मारामार. तरी कॅसेटच्या लोभाने सांगायचो. अंकल कपाळाला आठ्या घालून ऐकायचे आणि पुढची द्यायचे. असे अकरा सिनेमे झाले.

बारावा जपानी होता. अंकलनी विचारलं, "म्हातारा घर का सोडतो?"

"बायकोवर रुसून. ती त्याच्याकडे बघतच नाही ना."

"अरे, बायको कुठली? बहीण आहे ती. खाली लिहिलंय की!"

"खाली कुठे?"

अंकल तसेच आमच्या घरी आले. आमचा टीव्ही शोकेसमध्ये होता आणि सुताराने पुढे ठोकलेल्या पट्टीमागे पडद्याचा खालचा चार बोटं भाग झाकला जायचा. संवादांची इंग्रजी अक्षरं तिथे यायची, हे मला ठाऊकच नव्हतं.

"मग त्या अकरा गोष्टी?"

"चेहरे बघून जुळवल्या, अंकल."

वाटलं, कपाट आता बंद. अंकल मला त्यांच्या घरी घेऊन गेले. स्वतःच्या टीव्हीवर खालच्या बाजूला वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली आणि पहिली कॅसेट लावली.

"बस रे. तू सांगितलेला सिनेमा मला बघायचाय."