कारण : वैयक्तिक

प्यन सर — म्हणजे तुम्ही तिला गाडीत घातलंत आणि थेट शाळेत घेऊन आलात. कारखान्याला विचारलंत तरी का?

मोक बाई — सांगितलं. विचारलं नाही.

प्यन सर — मोक बाई, उपमुख्याध्यापक म्हणून नाही, वयानं मोठा म्हणून सांगतो. कामावर शिकायला पाठवलेली पोर मध्येच परत आणणं म्हणजे लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मुलगी कायमची माहेरी आणणं. लोक मुलीलाच नावं ठेवतात.

मोक बाई — सासर हात खाणारं असेल तर आणावीच लागते.

प्यन सर — खाल्ला का हात?

मोक बाई — नाही. बाही गेली.

प्यन सर — बाही! आणि एका बाहीसाठी तुम्ही शाळेच्या शंभर टक्क्यांवर पाणी सोडलंत. कालच फाटकावर फलक लावलाय, 'तिसऱ्या वर्षाचे सर्व विद्यार्थी कामावर रुजू'. पाहिलात ना?

मोक बाई — पाहिला. त्याच्याखालूनच गाडी आत आली.

प्यन सर — आणि हा तुमचाच सुरक्षा-तक्ता. दोन आठवड्यांपूर्वीचा. बेचाळीस प्रश्न, बेचाळीस बरोबरच्या खुणा, खाली तुमची सही. दोन आठवड्यांत असं काय आभाळ कोसळलं?

मोक बाई — तो मी फोनवर भरला. फोन तिच्या पर्यवेक्षकानं उचलला, उत्तरंही त्यानंच दिली. शेवटी तिच्या हातात दिला, तेव्हा ती म्हणाली, "मी बरी आहे, बाई."

प्यन सर — झालं तर मग.

मोक बाई — सर, त्यातला चौथा प्रश्न आहे, 'पासपोर्ट सुरक्षित जागी ठेवला आहे का?' कारखाना इथून बसनं वीस मिनिटांवर आहे.

प्यन सर — तो तक्ता ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मुलांसाठी मी स्वतः तयार केलाय. तीन रविवार घालवले. परदेशी चालतो तो घरी का चालू नये?

मोक बाई — चालतो की. उन्हापासून जपा, एकट्यानं समुद्रात उतरू नका, वकिलातीचा नंबर पाठ करा. सगळं आहे त्यात. कोबी कापायच्या यंत्राबद्दल तेवढं अवाक्षर नाही.

प्यन सर — ऑस्ट्रेलियात ती मुलं हॉटेलात काम करतात. तिथे कसला आलाय कोबी! बरं, ते राहू द्या. हा परतीचा कागद. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहून घ्या, खाली तिची सही, तुमची सही. विषय मिटला.

मोक बाई — आणि सोमवारी तिच्या जागी कोण?

प्यन सर — तुमच्याच वर्गातली यू-रिम. शंभर टक्के भरायला तिची नोंद नुसती कागदावर केली होती, आता खरी जागा मिळतेय. ऐन किमचीचा, कोबीच्या लोणच्याचा हंगाम, कारखाना जागा रिकामी ठेवणार नाही. त्यांचा आपल्यावर विश्वास आहे, आपला त्यांच्यावर. आपल्या यादीत पहिल्या नंबरला आहे तो कारखाना. आजवर एक तक्रार नाही.

मोक बाई — कशी असेल? आधी तिथून तिघं परत आले. तिघांच्या कागदावर 'वैयक्तिक'.

प्यन सर — मग असतील वैयक्तिक. हल्लीच्या मुलांना जरा ओरडलं की आई आठवते. मुलगी कुठे आहे?

मोक बाई — जिना पुसतेय.

प्यन सर — कोणी सांगितलं?

मोक बाई — कोणी नाही. परत येणाऱ्यानं दोन आठवडे जिने पुसायचे हा आपलाच नियम. तिनं आल्या आल्या बादली मागून घेतली. से-रिन, आत ये.

(से-रिन येते. हातात ओलं फडकं. अंगावरच्या कामाच्या सदऱ्याला एकच बाही.)

से-रिन — नमस्कार, सर. दुसऱ्या मजल्यापर्यंत झालं.

प्यन सर — फडकं खाली ठेव. हे बघ, घाबरू नकोस. काय झालं ते थोडक्यात सांग.

से-रिन — यंत्रात कोबी अडकला, सर. अडकला की हातानं काढायचा असतो.

प्यन सर — यंत्र बंद करून!

से-रिन — झाकण उघडलं की ते आपोआप बंद होतं, सर. पण मग परत सुरू व्हायला वेळ जातो. म्हणून झाकणाखालच्या खटक्यावर चिकटपट्टी लावलीय, तो दाबलेलाच राहतो. आता झाकण उघडं असलं तरी यंत्र चालू राहतं.

प्यन सर — कोणी लावली?

से-रिन — मी गेले तेव्हा होतीच. जुनी झाली की बदलतात. ते काम पण माझ्याकडेच होतं.

प्यन सर — पण थांबवायचं लाल बटण असतं ना कुठेतरी?

से-रिन — माझ्या हाताशीच होतं, सर.

प्यन सर — मग दाबलं का नाहीस?

से-रिन — तिथे सगळे माझ्याहून मोठे आहेत. बटण दाबलं की सगळ्यांचं काम थांबतं. म्हणून आधी समोरच्या मावशींना विचारलं, "थांबवू का?"

प्यन सर — मग?

से-रिन — आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून परत विचारलं. तेवढ्यात बाही आत गेली. सदरा जुना होता, खांद्याची शिवण उसवली. नवा असता तर उसवली नसती.

मोक बाई — ऐकलंत? दोनदा विचारलं तिनं. हे कारखान्यानं नाही शिकवलं, मी शिकवलं. जायच्या आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला उभं करून सांगितलं होतं, मोठ्यांना विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही, शाळेचं नाव खराब करायचं नाही. मी सांगितलेलं ती अक्षरशः पाळत होती, सर.

प्यन सर — चांगलं वळण लावणं हा काही गुन्हा नाही. से-रिन, हा कागद. कारणाच्या रकान्यात तुला काय लिहावंसं वाटतं?

से-रिन — 'वैयक्तिक' लिहिते, सर. बाही माझीच होती.

मोक बाई — लिहायच्या आधी ऐक. सोमवारी तुझ्या जागी यू-रिम जाणार आहे.

से-रिन — यू-रिम?

मोक बाई — हो.

से-रिन — सर, यू-रिमचा आवाज माझ्याहून बारीक आहे.

प्यन सर — त्याचं काय?

से-रिन — वर्गात हजेरी देते तीसुद्धा बाईंना ऐकू जात नाही. मी 'वैयक्तिक' नाही लिहीत, सर. राग मानू नका. रोज चारी मजले पुसते हवं तर.

प्यन सर — पुसायचं राहू दे. बस त्या खुर्चीवर. रकाना लहान आहे, बारीक अक्षरात लिही. चिकटपट्टीचं आधी लिही. आणि मोक बाई, यू-रिमच्या घरी तुम्हीच फोन करा. सोमवारी जायचं नाही म्हणावं. कारखान्याशी मी बोलतो. झालं समाधान?

मोक बाई — नाही. आधीच्या तिघांचे कागदही काढा.

प्यन सर — गाडलेली मढी कशाला उकरता? तीन वर्षं झाली. त्यावर सही कोणाची आहे ते तरी आठवतंय का?

मोक बाई — माझी आहे, म्हणूनच म्हणते. त्या तिघांतला ग्यू-बम परत आला तेव्हा त्याच्या हाताला ही एवढी पट्टी होती. मी विचारलं, "बरा आहेस ना?" तो म्हणाला, "बरा आहे, बाई." मी 'वैयक्तिक' लिहिलं आणि त्याला जिने पुसायला पाठवलं. पट्टीखाली काय आहे ते विचारलं नाही. भीती वाटली मला, सर. आजही माहीत नाही त्याला किती लागलं होतं.

से-रिन — दोन बोटं गेली, बाई. तो आमच्या गल्लीच्या टोकाच्या दुकानात असतो. मोठ्यांना वस्तू दोन्ही हातांनी द्यायची असते ना, तर तो उजवा हात पाठीमागे धरतो आणि डाव्यानंच देतो. आणि दर वेळी माफी मागतो.