परसातला लाल पाला

(अंथुर्णे गावातलं घर. दिवस कलायला लागलाय. ओसरीवर चार वर्षांची प्रतिक्षा झोपलीय. उशाशी तिची आई मनिषा, पायथ्याशी आजोबा आप्पा, मनिषाचे सासरे.)

मनिषा : हलवून हलवून हात दुखलं माझं, आप्पा. डोळं उघडती अन् पुन्हा मिटती. तुमी आपलं निवांत बसलाय.

आप्पा : निवांत कुठला गं पोरी. दुपारी झोपली न्हाय ती, म्हणून पेंगती आसंल. पोट फुगलंय का बघ.

मनिषा : न्हाय.

आप्पा : तोंडाला फेस?

मनिषा : न्हाय. पण जिभेवर लाल पान चिकटलं हुतं, मीच बोटानं काढलं. वाफ्यातला एक गड्डा कुरतडलाय कार्टीनं. इतका कडू पाला पोर उगं खातंय व्हय?

आप्पा : दवाखान्यात न्यायच्या जीपचं काय झालं?

मनिषा : शेजारच्या हिंदुरावांची जीप बारामतीला गेलीया. आली की सरळ आपल्या दारात उभी करते, म्हणाल्या त्यांच्या घरच्या चंद्राबाई. पुण्याला हॉटेलात फोन लावला, तर तिथला माणूस म्हणतो, ते भटारखान्यात हायत, निरोप देतो. बाप तिकडं कांदं चिरतोय अन् हितं पोरगी अशी पडलीय.

आप्पा : बी संभाजीनंच आणलं ना?

मनिषा : त्यांनीच की. कागदाच्या दोन पुड्या. एक चिकोरी, कॉफीत घालत्यात तिच्या कुळीतली. दुसरं कायसं रॅडिकियो, कोबीवानी गड्डा धरणारं. हॉटेलात येणारी मोठी माणसं कच्चंच खात्यात म्हणाले. दसरा झाल्यावर राखेत कालवून टाकलं, मोरीच्या पाण्यावर वाढवलं. चिकोरीची मेथीवानी भाजी केली, तुमी बी खाल्ली. पण हे दुसरं हिरवंगार हुतं, अन् थंडी पडल्यावर रगतावानी लाल झालं. उसाला रोग पडतो तसं. तवाच उपटून टाकाय पायजे हुतं. म्हटलं, नवऱ्यानं हौसेनं आणलंय, ऱ्हाऊ दे. माझीच दुर्बुद्धी.

आप्पा : मनिषा, ऐक. रोग आसंल त्याला, पर विख न्हाय.

मनिषा : तुमाला काय ठावं? जलम मेंढरामागं गेला तुमचा. असला पाला बघितला तरी हुता का कधी?

आप्पा : न्हाय बघितला. म्हणून तर खाल्ला.

मनिषा : काय म्हणालासा?

आप्पा : सकाळी. अख्खा एक गड्डा. कळप नव्या मुलखात उतरला की वळखीच्या नसलेल्या पाल्यावर आमी आधी एकच म्हातारी मेंढी सोडायचो. बाकीची वाघराच्या जाळीत. मग दिवसभर तिच्याकडं बघत बसायचं. आता मेंढरं इकून टाकली. घरात म्हातारं कोण, तर मी.

मनिषा : अन् मला बोलला न्हाय?

आप्पा : तू खाऊ दिलं असतंस व्हय? तवाधरनं लिंबाखाली बसून हुतो. पोटात नुसतं गुडगुडलं तरी जीव उडतोय. लई भ्यालोय गं.

मनिषा : मग ह्या पोरीनं कुठनं काढलं खायाचं?

आप्पा : त्येच सांगतुया. ती तितंच खेळत हुती. मी तोंड वाकडं करकरून खात हुतो अन् ती खदखदून हसत हुती. मला वाटलं, नुसती बघतीय. माझं बघून मागनं खाल्लं आसंल तिनं.

मनिषा : आप्पा...

आप्पा : शिव्या दे, पोरी.

मनिषा : काय शिव्या देऊ तुमाला.

आप्पा : तिच्या आधी खाल्लंय मी, अन् तिच्या दसपट खाल्लंय. काय व्हायचं आसंल ते आधी मला हुईल. मी धड हाय तवर तिला काय न्हाय, एवढंच धरून बसलोय.

मनिषा : हात द्या तुमचा.

आप्पा : कशाला?

मनिषा : द्या म्हणते ना. गार पडलाय की वं.

आप्पा : भ्यानं आसंल.

मनिषा : तिच्या शेजारी पडा. गोधडी वढून घ्या अंगावर. जीप येस्तोवर दोघांकडं बी बघत बसते मी.