सकूला हाक मारणारी अळवंतीण

ऐका गं पोरींनो. शेंगा फोडत फोडत ऐका, हात थांबवू नका. आन् मधी कुणी खोकायचं न्हाई.

माझी धाकटी जाऊ सकू. पदरात तीन लेकरं, चौथ्याची ताकद न्हाई. दवाखान्यात गेलं तर गावभर हुईल, म्हणून पांदीपलीकडच्या बाईकडं गुपचूप गेली. त्या बाईनं काडी घातली. पोट पडलं म्हणाली, जा घरी. पडलं, पर सगळं न्हाई पडलं. चार दिसांनी सकूचं अंग तव्यावानी तापलं, वास सुटला, आन् लुगड्याच्या घड्यावर घड्या रगतानं भिजाय लागल्या. सासू म्हणाली, बाहेरचं हाय, देवऋषी बोलवा. मी म्हणलं, आत्ती, बाहेरचं न्हाई, आतलं हाय.

पुरुषमाणसं जत्रंला गेलेली. मीच गाडी जुंपली, सकूला आत निजवलं आन् दवाखान्याची वाट धरली. दिवस मावळला व्हता, आन् वाटंत बाभळीचा ओढा. तिथं अळवंतीण. पोटुशी मेलेल्या बाईचं भूत, ठाऊक हाय न्हवं? मी सकूला बजावलं, एकदम ओ देऊ नको. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची.

ओढ्यात उतरलो आन् बैल थांबलं. हलंनात. मंग हाक आली, सकूच्या मेलेल्या आईच्या आवाजात. "सके, दमलीस गं. नीज जरा." सकूनं ओठ मिटलं. परत हाक. सकू गप. मंग गाडी मागनं दबली. वळून बघितलं तर हिरवं लुगडं, मोकळं केस, आन् हात सकूच्या पायावर. सकूचा पाय गारठत चालला, डोळं मिटाय लागलं.

"झोपू दे की तिला," अळवंतीण म्हणाली. "मला बी काडीच घातली व्हती. लाजंपायी कुणी दवाखान्यात न्हेलं न्हाई. असंच झोपवलं."

मला भ्या वाटलं का? वाटलं की, खोटं कशाला बोलू. पर त्याच्याहून राग आला. म्हणलं, "बाई, तुला कुणी न्हेलं न्हाई, त्याचं मला लई वाईट वाटतं. माझीला मी न्हेतीया. हात काढ."

अळवंतिणीनं मंग हात काढला. खाली उतरली, आन् आईच्यान सांगते, गाडीला मागनं रेटा दिला. बैल तसंच चढ चढून गेलं.

दवाखान्यात सिस्टरनं हाक मारली, "सकूबाई." सकू गप. पुन्हा मारली, गप. बेशुद्ध पडली म्हणून सिस्टर पळतच डॉक्टरीणबाईला घेऊन आली. मी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईनं हाक मारली तवा सकू म्हणाली, "ओ."

आत ऱ्हायलेलं काढून त्यांनी पिशवी साफ केली, दोन बाटल्या रगत चढवलं, सुया दिल्या. म्हणाल्या, वेळेत इथंच आली असतीस तर सांजच्याला घरी गेली असतीस. आजची रात घरात काढली असती, तर हाती लागली नसतीस.

आठव्या दिशी सकू गावात आली. भर दुपारी, गाडीत ताठ बसून. सासूनं भाकरतुकडा ओवाळला आन् रडली. मी न्हाई रडले. मी वेशीपासनं मोठ्यानं गाणं म्हणत आले.

तवा ध्यानात धरा. ओढ्याच्या वाटंनं खुशाल जा. काडीवालीच्या वाटंला कुणी जायचं न्हाई. आन् कुणावर येळ आलीच, तर माझं दार वाजवा. कसं न् कुणाचं, मी इचारणार न्हाई. गाडी जुंपीन.