धुऱ्यावरचा कंदील

(दत्तरावांच्या घरापुढचा ओटा. ऊन कलतंय. ओट्यावर ते आणि त्यांची बायको केवळाबाई. येडबा धनगराची बायको कासाबाई खाली अंगणात काठीला टेकून उभी.)

दत्तराव : न्हाई म्हणलं ना एकदा. दुसऱ्या कुणालाबी जामीन राहतो. येडबाच्या घराला न्हाई.

कासाबाई : दुसऱ्या कुणाचं मी काय करू मालक? मेंढरं आमची, दरखास्त आमची.

केवळाबाई : बस तरी ग. उन्हातनं आलीस. आमच्या ह्यांनी जामीन न्हाई दिला तरी मी पाणी देते.

कासाबाई : पाणी पिते वैनी. बसत न्हाई. बसले की मालक म्हणतील, ही आता उठायची न्हाई.

दत्तराव : तेच म्हणणार होतो.

केवळाबाई : कशाची दरखास्त?

कासाबाई : नवी सोसायटी निघालीय न्हवं. मेंढरं घ्यायला पैसे देतात, सावकारापरीस कमी व्याजानं. रोगानं आमची निम्मी मेंढरं गेली वैनी. उरल्यात त्या म्हाताऱ्या. औंदा तरण्या मेंढ्या घेतल्या न्हाईत तर पुढल्या साली हातात नुसती काठी राहील.

दत्तराव : मग सोसायटीत जा.

कासाबाई : गेले ना. सेक्रेटरी काशीनाथराव म्हणले, तुमच्या घरावर कुणाचा इतबार न्हाई. कुणालाबी विचारा, एकच सांगतात. येडबानं आगाऊ जवारी खाल्ली आन् मेंढरं बसवली न्हाईत. म्हणले, ज्यानं ही गोष्ट पयल्यांदा सांगितली त्यालाच जामीन आण, मग बघू.

केवळाबाई : म्हंजी आपल्यालाच. हुशार दिसायलाय काशीनाथ.

दत्तराव : मी काय खोटं सांगितलं? पोलीस अॅक्शनच्या आधीचा उन्हाळा. पोतंभर जवारी दिली. मेंढरं माझ्या वावरात रातीची बसवायची, लेंडीचं खत पाडायचं, असं ठरलं. पुढं आमी रझाकारांच्या भेवानं वऱ्हाडात पळालो. परत आलो तर वावरात लेंडी दिसंना. त्या साली माझी जवारी गुडघ्याएवढी आली.

केवळाबाई : गुडघ्याच्या जरा वर होती.

दत्तराव : तू गप.

कासाबाई : म्हणूनच तर आधी दुसरं मागायला आले. मेंढरं वढ्यावर उभी हायेत, हे त्यांच्यापाशी हायेत. आज रातीपासनं तुमच्या वावरात बसवते. जवारी नको, भाकरीचा तुकडाबी नको. मेंढरं कमी हायेत, तर जास्ती राती बसवते. मागलं देणं भरलं असं तुमाला वाटलं, मग जामिनाचं बोला. न्हाई वाटलं तर मी गुमान निघून जाईन.

दत्तराव : येडबा का आला न्हाई बोलायला?

कासाबाई : तोंड दावायचं न्हाई म्हणतात. सात सालं या शिवारात पाय टाकला न्हाई. आज मीच मेंढरं इकडं वळवली, म्हणून मागं मागं आले.

केवळाबाई : बायकोच्या मागं न्हाई, मेंढरांच्या मागं आला असल.

कासाबाई : तेबी खरंच.

दत्तराव : चावडीत समद्यांनी विचारलं तवा काय म्हणला? बसवली म्हणला. नुसतं बसवली. पुढं तोंड उघडंना.

कासाबाई : अजूनबी तेच म्हणतात. मी लय भांडले. म्हणलं, खाल्ली असल तर खाल्ली म्हणा, लेकरं उपाशी होती, लोक समजून घेतील. तर म्हणतात, मग हिवराखाली पांढरी व्याली ती काय सपनात व्याली?

केवळाबाई : कोण पांढरी?

कासाबाई : मेंढी वैनी. तुमच्याच वावरात व्याली म्हणं. अंधारात हातानं चाचपून कोकरू काढलं. त्या साली दिवा कुठं लावता येत होता? उजेड दिसला की माणसं बंदुका घेऊन यायची. अंधार पडल्यावर यायचं, उजाडायच्या आत निघायचं. आन् पयल्या राती बसली तिथंच मेंढरं रोज बसायची. मी बाळंतपणाला माहेरी होते, मी काय पाहिलं न्हाई.

केवळाबाई : हिवराखाली म्हणलीस?

कासाबाई : हां. त्या झाडाचे काटे लय लागले म्हणं हाताला.

केवळाबाई : आवं, आपल्या वावरात हिवर कुठं हाय?

दत्तराव : न्हाई. आपल्यात लिंब हाय.

केवळाबाई : हिवर पल्याड, आबासाहेबाच्या वावरात.

दत्तराव : हं.

केवळाबाई : हं काय? त्या साली आबासाहेबाची जवारी कशी आली होती? हत्ती लपंल अशी. बियाणं जिंतूरचं हाय म्हणून गावभर सांगत होता. दुसऱ्या साली तेच बियाणं आणायला जिंतूरला कोण गेलं होतं?

दत्तराव : मी.

केवळाबाई : आन् आलं काय?

दत्तराव : गुडघ्याएवढं.

कासाबाई : थांबा मालक. म्हंजी मेंढरं बसली होती?

दत्तराव : बसली होती. एक धुरा ओलांडून बसली. अंधारात बांध कळला नसल त्याला. आबासाहेबालाबी काय ठाव? तोबी आमच्यासंगंच पळाला होता.

कासाबाई : सात सालं मी नवऱ्याला खोटं म्हणले.

दत्तराव : तू घरात म्हणलीस. मी चावडीत म्हणलो.

केवळाबाई : मग फिटलं की. जावा उद्या काशीनाथाकडं.

कासाबाई : फिटलं कसं वैनी? जवारी तुमची खाल्ली, खत दुसऱ्याला गेलं. हे लबाड न्हाईत, येवढंच कळलं. देणं हाय तिथंच हाय. मेंढरं बसवणार म्हंजी बसवणार.

दत्तराव : आबासाहेबाला मागावी का ती जवारी?

केवळाबाई : मागून बघा. म्हणंल, तुमची लेंडी येचून घेऊन जावा.

दत्तराव : बरं. ऐक कासाबाई. मागलं भरलं की थांबू नको, वरल्या वावरातबी बसव. त्याची जवारी आजच घेऊन जा.

कासाबाई : आजच? आगाऊ?

दत्तराव : आगाऊ. डोक्यावर पोतं घेऊन चावडीपुढनं जा, लोकांना दिसू दे. आन् उद्या सोसायटीत मी जामीन राहतो.

कासाबाई : वावर न बघताच?

दत्तराव : आबासाहेबाचं बघितलं की.

कासाबाई : मग मी पळते. ह्यांना सांगते.

दत्तराव : तू नको सांगू. मीच सांगतो.

कासाबाई : तुमाला बघून ते वढ्यापल्याड जातील मालक.

केवळाबाई : मेंढरं टाकून? धनगर हाय तो, जातोय कुठं.

दत्तराव : अगं, कंदील कुठाय? काच पुसून दे जरा.

केवळाबाई : आत्ता? दिवस हाय की अजून.

दत्तराव : मेंढरं येईस्तोर अंधार पडंल. धुऱ्यावर उभा राहतो.