एल्फांचा तो विचार ललिताचा होता

मंडळी, समोर ललिताच्या घरची माणसं आहेत, मागे वाचनालयातली मुलं उभी आहेत. मी दोनदा कागद काढला, दोनदा खिशात ठेवला. कागदावर तिचे गुण लिहिलेत. मला आज दुसरंच बोलायचं आहे.

दहा दिवसांच्या तापात गेलेली ललिता आपल्या कॉलेजची ग्रंथपाल. मूळची हर्णैची. मी इथे इतिहास शिकवला. आठ वर्षांपूर्वी तिनं मला एक निबंध वाचायला दिला. अद्भुत कादंबऱ्यांतल्या एल्फांवर. एल्फ म्हणजे ते देखणे, दीर्घायुषी लोक. माणसांच्या आधीपासूनचे, आणि शेवटी आपली सुंदर घरं टाकून निघून जाणारे. ललितानं लिहिलं होतं, रोमन लोक निघून गेल्यावर इंग्लंडात हेच झालं. दगडी स्नानगृहं उरली, ती बांधायची विद्या गेली. पुढच्या लोकांना वाटलं, ही राक्षसांचीच कामं.

"सर, गोष्टींत सगळे जाणाऱ्यांसाठी रडतात," ती म्हणाली. "मागे राहिलेल्यांचं काय झालं, ते मला लिहायचंय."

मी काय म्हटलं? स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर? "ललिता, तू पुस्तकांना नंबर घाल. परीकथांचा इतिहास करू नकोस." सगळे हसले. इथे बसलेलेही काही जण हसले होते. पण बोललो मी होतो.

तिनं निबंध परत नेला. दोन वर्षांनी एका चर्चासत्रात मी भाषण केलं. विषय? एल्फ आणि रोमनांनंतरचं इंग्लंड. विचार तिचा. उदाहरणं तिची. नाव घेतलं नाही. टाळ्या मात्र घेतल्या. ललिता तिसऱ्या रांगेत बसली होती.

नंतर चहाच्या टेबलापाशी आली. मला वाटलं, आता बोलणार. म्हणाली, "सर, एक दुरुस्ती. रोमन एका दिवसात गेले नाहीत, हळूहळू गेले. छापताना तेवढं बदला."

मी बदललं. छापलं. माझ्या नावानं.

त्यानंतर कितीदा तिच्या टेबलावरून पुस्तकं नेली! माफी मागता आली नसती का? आली असती. मागितली नाही.

परवा तिच्या धाकट्या भावाकडे गेलो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमाला ठाऊक हाय, सर. ताई म्हणायची, सर कधीतरी आपणहून सांगतील."

मंडळी, ती वाट पाहत होती.

ललिता, सांगतोय. फार उशिरा सांगतोय.

आता कृपया उभे राहा. दोन मिनिटं शांत राहू या, आणि मनात फक्त तिचं नाव घेऊ या.