खाल्लेला इंच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष नंदकुमारशेठ, व्यासपीठावरची वडीलधारी पाहुणे मंडळी, कारखान्यातले माझे सोबती आणि आयाबहिणींनो, भिकाजी मिस्त्रीचा सगळ्यांना नमस्कार. शेठ, गुडघा काय म्हणतोय? सोनूबाई, खोकला हटला का? आणि सुलक्षणावहिनी, डोळ्यांतलं पाणी मोतीबिंदूचं की आज नवरा कामावरून सुटला म्हणून?

मुलुंडच्या आपल्या सुतारी कारखान्यातून सहदेवराव आज निवृत्त होऊन गावी निघालेत. त्यांचे गुण पाहुण्यांनी सांगितलेच. मी फक्त हे एक हत्यार दाखवायला उभा आहे.

घडीची लाकडी पट्टी. सहदेवची. हिचा पहिला इंच तुटलेला, म्हणून मोजताना एक इंच वाढवून धरायचा. अठरा हवे तर एकोणीसवर खूण. 'खाल्लेली पट्टी' म्हणून आम्ही चिडवायचो. म्हणजे खोड मला ठाऊक होती. ठाऊक नव्हती म्हणायला तोंड नाही.

त्रेसष्ट साली चेंबूरच्या एका बंगल्याच्या खिडक्या आमच्या दोघांकडे होत्या. माझी पट्टी घरी राहिलेली, सहदेव जेवायला गेलेला. घाईत मी हिनेच झडपा आखल्या, कापल्या. बारा झडपा, अस्सल सागाच्या. आणि एक वाढवायला विसरलो! चौकटीत बसवतो तर प्रत्येक झडप इंचभर आखूड.

मोठे शेठ, म्हणजे नंदकुमारशेठचे वडील, कडाडले, "कुणाच्या पट्टीने आखलंय?"

मी म्हटलं, "सहदेवच्या."

खोटं बोललो का? नाही हो. त्यांनी पट्टी कुणाची ते विचारलं, हात कुणाचा ते विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

"तुटक्या पट्टीने काम करतोस?" सहदेव जेवून परतताच शेठ त्याच्यावर घसरले. सहदेवने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "होय शेठ, पट्टी माझीच."

त्या दसऱ्याला हेडमिस्त्री तो व्हायचा, तो मी झालो. पट्टी शेठनी फेकून द्यायला माझ्याच हातात दिली होती. फेकवली नाही. पण दसऱ्याला हत्यारं पूजेला मांडताना हिला कधी पुढेही ठेवली नाही. कुठल्या तोंडाने ठेवू?

सहदेव त्यावर एकदाच बोलला, चहा पिताना. "भिका, माझ्या पट्टीची खोड माका ठाव. तुझी नाय ठाव होती रे." बस्स. बारा वर्षं मला 'हेडमिस्त्री' अशी हाक मारत आला. ती हाक दरवेळी पाचरीसारखी आत गेली.

तर मंडळी, सभेसमोर सांगतो. त्या झडपा सहदेवने नाही, मी बिघडवल्या. त्याच्या नावाला लागलेला डाग माझा आहे. सहदेवा, ही घे तुझी पट्टी. दसऱ्याला पुढे मांड.

मला बोलू दिलंत, उपकार झाले. शाळा चौथीपर्यंतची, शब्द इंचभर इकडेतिकडे गेला असेल तर सांभाळून घ्या. आणि सहदेवा, पोचलास की लगेच पत्र टाक. शिव्याच घालायच्या असतील तर कार्डावर लिही रे. वाटेत पोस्टमनलाही वाचू दे.